मागणी नसलेल्या पुस्तकाविषयी : सार्वजनिक ग्रंथालयांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र आणि गोव्यातील सार्वजनिक ग्रंथालयांची कार्यकारी मंडळे व ग्रंथनिवड समित्या

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीची. निवृत्त मराठी शिक्षिका. एका ग्रंथालयाच्या ग्रंथनिवड समितीवर अकरा वर्षे काढली. म्हणजे या पत्रात ज्या चुका सांगणार आहे, त्यातल्या निम्म्या माझ्याच सहीने झालेल्या आहेत. हे आधी सांगून टाकते, नाहीतर ‘बाई आता निवृत्त झाल्यावर शिकवायला निघाल्या’ असे कुणी म्हणेल. म्हटले तरी चालेल म्हणा.

ऑगस्ट २०१९. कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलापाशी ४५ फूट. त्या महिन्यात पाणी ५७ फुटांवर गेले. पाणी ओसरल्यावर आम्ही चौघे-पाचजण ग्रंथालय उघडायला गेलो. पुराचे पाणी पाहिले नसेल त्यांना एक गोष्ट सांगते. भिजलेली पुस्तके कपाटातून निघत नाहीत. ती फुगतात, एकमेकांत घट्ट रुततात, आणि खेचली तर पुठ्ठा हातात येतो, पाने आतच राहतात. आम्ही शेवटी कटावणी लावून लोखंडी कपाटांच्या फळ्या उचकटल्या. चिखल झालेली पुस्तके घमेल्यांतून बाहेर नेली. दाखल नोंदवह्या खालच्या कप्प्यात होत्या, त्यांची अवस्था तीच. एक तेवढी वरच्या माळ्यावर राहिल्यामुळे वाचली होती. ती मी घरी नेली, उन्हात पान पान सुटे करून वाळवली, आणि आपले नक्की काय गेले याची यादी करायला बसले.

त्या यादीत एक ओळ होती : सतीचे वाण, लेखक मोहन रानडे. मिळण्याचा मार्ग या रकान्यात ‘देणगी’. किमतीचा रकाना कोरा.

मोहन रानडे गेले ते त्याच वर्षी, २५ जूनला, पुण्यात, नव्वदीत. नोंद सापडली तेव्हा त्यांना जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. ते मूळचे आमच्या सांगलीचे. गोवामुक्तीच्या लढ्यातला आमच्या गावचा सर्वांत मोठा माणूस, पद्मश्री, दोन पुस्तकांचा लेखक, आणि त्यांचे आमच्याकडचे एकमेव पुस्तक कुणीतरी फुकट दिलेले. ते ज्या वर्गात नोंदवले होते तो क्रमांक पाहून मी आधी हसले. मग हसू राहिले नाही. ३९३. दशमान वर्गीकरण माहीत असलेल्यांच्या लक्षात आले असेल : हा अंत्यविधींच्या चालीरीतींचा वर्ग. पुस्तकाच्या नावात ‘सती’ आहे म्हणून आमच्याकडच्या कुणीतरी ते सतीप्रथेवरच्या पुस्तकांत नेऊन ठेवले होते. चरित्र-आत्मचरित्राच्या कपाटात ते कधी गेलेच नाही. गोव्याच्या इतिहासावर काही आहे का म्हणून कुणी विचारायला आला असता, तरी त्याला ते मिळाले नसते. कदाचित कुणी आलाही असेल.

नोंद करणाऱ्याला दोष देत नाही. त्याने पुस्तक उघडले नव्हते एवढेच. मीही उघडले नव्हते. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचू म्हणून किती वर्षे ढकलले, मलाच माहीत नाही. शेवटी पुण्यात एका परिचितांच्या घरी प्रत मिळाली, ती वाचायला आणली, तीन रात्रींत संपवली. आत काय आहे ते इथे सांगत नाही. सांगितले तर तुम्ही म्हणाल, चला, कळले, आता विकत कशाला घ्यायचे.

नावाचे मात्र सांगते, कारण वर्गीकरणाचा घोळ तिथेच झाला. मराठी वाचकाला या दोन शब्दांवरून सावरकरांची ‘बुद्ध्याचि वाण धरिले करि हे सतीचे’ ही ओळ आठवते, आणि रानडे तरुणपणापासून सावरकरांच्या विचारांनी भारलेले होते. त्या ओळीतला जोर चितेवर नाही, ‘बुद्ध्याचि’ या शब्दावर आहे. हे दाहक आहे, हे ठाऊक असून, जाणूनबुजून हातात घेतले आहे, असा तो अर्थ. सतीच्या प्रथेची भलामण वाटावी असे नाव आज कुणी ठेवणार नाही, आणि माझ्यासारख्या बाईला ते खटकतेही. पण रानड्यांच्या आयुष्यावर हे नाव बेतून शिवल्यासारखे बसते. गंमत अशी की त्यांच्या इंग्रजी पुस्तकाचे नाव आहे ‘स्ट्रगल अनफिनिश्ड’. मराठीत व्रत, इंग्रजीत अपुरा लढा. आपल्या माणसांशी बोलताना निष्ठेबद्दल बोलायचे आणि परक्या भाषेत हिशेब मांडायचा, असे काहीसे मला त्यात दिसले. कदाचित मी जास्त वाचत असेन. शिक्षिकेची खोड.

असो. मूळ मुद्द्यावर येते.

पुरानंतर मदत आली. पुण्या-मुंबईहून पेट्याच्या पेट्या आल्या. काही चांगल्या, काही लोकांनी माळा साफ केल्याच्या. त्यात जुने दिवाळी अंक, कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बमची रिकामी वही, बारावीची गाईडे. त्याबद्दलही आभारच. मग नवीन खरेदीची वेळ आली. समितीची बैठक बसली आणि मी म्हटले, गोवामुक्तीवर एक कप्पा करू. रानडे सांगलीचे, त्यांच्यापासून सुरुवात करू.

‘बाई, त्याला मागणी नाही.’

हे वाक्य बोलणारे गृहस्थ वाईट नव्हते. त्यांच्यासमोर आकडे होते. देवघेवीच्या वहीत स्पर्धा परीक्षांची पुस्तके वर, त्याखाली अनुवादित कादंबऱ्या, त्याखाली पाककृती आणि आरोग्य. अनुदान वेळेवर येत नाही, वर्गणी वाढवली की सभासद गळतात, आणि सरकारी श्रेणीतला अ वर्ग टिकवायचा तर ग्रंथसंख्या दाखवावी लागते. मी हे सगळे अकरा वर्षे पाहिले आहे. तरीही मी विचारले, मागणी कशी असेल? जे कपाटात नाही, आणि होते तेव्हा चितेच्या वर्गात होते, ते मागणार कोण? बैठकीत चहा आला. ठराव पुढच्या बैठकीवर गेला. तो अजून तिथेच आहे.

त्यानंतर वर्षभराने डिसेंबरात एक मुलगा आला. नववीतला. शाळेत गोवामुक्तीदिनावर दोन पाने लिहून आणायची होती. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये रानड्यांवर काही ओळी. त्या त्याने वाचल्या होत्या, आणि खरोखर वाचल्या होत्या, कारण त्याने विचारले, ‘बाई, गोवा एकोणीस डिसेंबर एकसष्टला सुटला ना? मग हे एकोणसत्तरपर्यंत तुरुंगात कसे?’

चार दशके शिकवले, पण एवढा नेमका प्रश्न मला फार थोड्यांनी विचारला आहे. मी त्याला पुस्तक देऊ शकले नाही. तोंडी सांगत बसले. जे सांगितले ते इथेही सांगते, म्हणजे कळेल की हा विषय दोन ओळींच्या फळ्यावर का मावत नाही.

मोहन रानडे हे मूळचे मनोहर आपटे. शिक्षण कायद्याचे. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला हा तरुण मराठीचा शिक्षक म्हणून पोर्तुगीज गोव्यात गेला. दिवसा शाळा, आणि दुसरीकडे आझाद गोमंतक दल. विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी ही त्या दलातली नावे. सत्याग्रहाने पोर्तुगीज जाणार नाहीत, असे मानणाऱ्यांचे हे दल. १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांनी सुरू केलेला मार्ग वेगळा होता आणि यांचा वेगळा. पण १५ ऑगस्ट १९५५ ला सीमेवर काय झाले ते पाहिले की या मुलांची अस्वस्थता कळते. हजारो निःशस्त्र सत्याग्रही तिरंगा घेऊन गोव्यात शिरले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. वीसहून अधिक माणसे मेली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस ठाण्यावर सशस्त्र हल्ला झाला. बेती म्हणजे मांडवीच्या पलीकडच्या काठावर, पणजीच्या अगदी समोर. म्हणजे राजधानीच्या डोळ्यांदेखत. त्या हल्ल्यात रानडे जखमी होऊन सापडले. वय पंचविशीच्या आसपास.

त्याच महिन्यांत पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला गीतरामायण चालू होते आणि महाराष्ट्रातली घरे रेडिओपुढे हात जोडून बसत होती. ज्या सुधीर फडक्यांच्या चाली त्या घरांत घुमत होत्या, तेच बाबूजी पुढे रानड्यांच्या सुटकेसाठी उभ्या राहिलेल्या प्रयत्नांत पुढे होते. बाबूजी स्वतः १९५४ च्या दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिलढ्यात उतरलेले होते, हे आपल्याला आठवत असेलच. नसेल तर आपल्या संगीतविभागातल्या पुस्तकांची अवस्थाही एकदा तपासावी.

शिक्षा झाली सव्वीस वर्षांची. त्यातली सहा वर्षे एकांतकोठडीत गेली. १९६० मध्ये त्यांना गोव्यातून उचलून पोर्तुगालला नेले, लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात. हा तुरुंग पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीतल्या राजकीय कैद्यांचा. ४ डिसेंबर १९६१ ला त्या तुरुंगातून आठ पोर्तुगीज कम्युनिस्ट कैदी पळाले. आणि कसे? खुद्द सालाझारसाठीची चिलखती मोटार तिथे उभी होती, तीत बसून, फाटक फोडून. मुलगा इथे खुर्चीवरून पुढे सरकला. मी म्हटले, थांब, पुढे ऐक. त्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी, १८ डिसेंबरला, भारतीय सेना गोव्यात शिरली आणि १९ च्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली.

म्हणजे ज्या गावासाठी लढले ते गाव सुटले. आणि लढणारा तिथून हजारो मैलांवर, शत्रूच्या घरात, कुलूपबंद.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. लिस्बनमधली आपली वकिलात १९५३ मध्येच बंद झाली होती. गोवा हातचा गेल्यावर तर दोन्ही देशांत बोलणेच उरले नाही. पोर्तुगालच्या लेखी गोवा ही वसाहत नव्हतीच, १९५१ पासून त्यांच्या घटनेत तो सागरापलीकडचा ‘प्रांत’ होता. त्यामुळे रानडे त्यांच्या दृष्टीने युद्धकैदी नव्हते, पोर्तुगीज कायद्याने शिक्षा झालेले गुन्हेगार होते. युद्धकैदी आपल्याकडे होते, तेही तीन हजारांहून जास्त. गोव्यातल्या छावण्यांत ठेवलेले ते पोर्तुगीज सैनिक मे १९६२ पर्यंत मायदेशी परतले. व्हासालो इ सिल्व्हाही परतले. शेवटच्या माणसापर्यंत लढा हा सालाझारचा हुकूम त्यांनी मोडला होता म्हणून त्यांना सैन्यातून काढून टाकले, हा भाग वेगळा. पण घरी गेले. आणि आपले रानडे तिथेच. त्यांच्यासारखेच तेलू मास्कारेन्हस, तेही लेखक, तेही लिस्बनला नेलेले, ते तर १९७० मध्ये सुटले.

मुलगा म्हणाला, ‘आपण तेव्हा अदलाबदल का नाही केली?’

मी त्याला सांगितले, हा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला होता. यावर माझे मत असे आहे की आपण ती संधी घालवली. सरकारची बाजूही असेल. तुला दोन्ही बाजू वाचायच्या असतील तर पुस्तके लागतील. आणि हे म्हणत असताना माझी नजर कपाटांकडे गेली. नवी कोरी स्टीलची कपाटे, निम्मी रिकामी.

पुढची वर्षे रानडे आत असताना बाहेर काय काय होत गेले बघा. डिसेंबर १९६३ मध्ये गोव्याची पहिली निवडणूक झाली, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. १६ जानेवारी १९६७ ला गोवा महाराष्ट्रात जायचा की नाही यावर जनमतकौल झाला, ३४,०२१ मतांच्या फरकाने गोव्याने स्वतंत्र राहायचे ठरवले. मराठी शिकवायला गोव्यात गेलेल्या माणसाला त्या कौलाबद्दल काय वाटले असेल, हा मला कायम पडलेला प्रश्न. गोव्यातल्या वाचकांनी कृपया रागावू नये. मी कौलाच्या बाजूची आहे. फक्त कुतूहल आहे.

सुटकेची गोष्टही सरळ नाही. मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई व्हॅटिकनला गेले असता त्यांनी पोप सहावे पॉल यांच्याकडे रानड्यांसाठी शब्द टाकला. सांगलीचा सावरकरवादी तरुण, तमिळनाडूचा द्रविड चळवळीतला नेता, आणि कॅथलिकांचे धर्मगुरू. ही तीन नावे आपण एरवी एका वाक्यात कधी आणतो का? हे पोप डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईत येऊन गेले होते आणि त्या भेटीवर सालाझार भयंकर चिडला होता. सप्टेंबर १९६८ मध्ये आजारपणामुळे सालाझारची सत्ता गेली, त्याच्या जागी कायतानो आले. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. ३ फेब्रुवारीला अण्णादुराई गेले.

तेरा वर्षांहून अधिक. पंचविशीत आत गेलेला माणूस चाळिशीच्या उंबऱ्यावर बाहेर आला. गोवा आपला असल्याचे पोर्तुगालने कबूल केले ते आणखी नंतर, राजवट उलथल्यावर, १९७४ च्या अखेरीस.

मुलाने दोन पानांऐवजी सहा पाने लिहिली. त्याला किती गुण मिळाले ते विचारायचे राहिले.

मंडळींनो, हे मी एवढे लांबवले ते रानड्यांची महती गाण्यासाठी नाही. ती सरकारने उशिरा का होईना गायली आहे : १९८६ चा गोवा पुरस्कार, २००१ ची पद्मश्री. गोव्यात १९ डिसेंबरला भाषणे होतात. सांगलीत अधूनमधून एखाद्या चौकाला किंवा सभागृहाला नाव देण्याचा विषय निघतो. द्यावे. माझी हरकत नाही. पण चौकाच्या नावाने नववीतल्या मुलाच्या ‘का’चे उत्तर मिळत नाही. तो ‘का’ घेऊन माणूस कुठे जाणार? आपल्याकडे. तुमच्या देवघेवीच्या खिडकीशी.

शिवाय एक गोष्ट सैनिकांच्या आणि क्रांतिकारकांच्या आठवणींबद्दल. या माणसांनी सुटून आल्यावर लिहायला बसणे सोपे नव्हते. जे गुप्त ठेवायची सवय हाडात मुरलेली, तेच आता कागदावर उघडे करायचे. ज्यांची नावे मार खातानाही तोंडातून काढली नाहीत, ती आता छापायची. पुष्कळांनी लिहिलेच नाही. म्हणून ज्यांनी लिहिले ते आपल्याला मिळालेले उसने धन आहे. सेनेच्या छत्तीस तासांच्या कारवाईवर पुष्कळ मिळते, सरकारी कागदपत्रांतही मिळते. त्याआधीच्या पंधरा वर्षांत मेलेल्यांचे, पकडलेल्यांचे, एकमेकांशी भांडलेल्यांचे फक्त त्यांच्या त्यांच्या पुस्तकांत मिळते. आणि ती भांडणेही महत्त्वाची आहेत. अहिंसावाले आणि बंदूकवाले एकमेकांबद्दल फारसे गोड बोलत नसत. एकाच कपाटात दोघांना शेजारी ठेवले की वाचकाला ते आपोआप दिसते.

कप्प्याला काय काय लागेल म्हणाल तर रानड्यांची दोन्ही पुस्तके आधी. नानासाहेब गोरे हे १९५५ च्या मेमध्ये सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला गेले होते, त्यांचे लेखन. मधु लिमयांची गोव्याच्या तुरुंगातली डायरी, जी त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाली. म्हापशाला एका जाहीर जेवणात ‘मी निषेध करतो’ एवढे बोलल्याबद्दल हद्दपार झालेले सर्जन डॉ. पुंडलिक गायतोंडे आणि त्यांच्या पोर्तुगीज पत्नी एदिला यांच्या आठवणी. हे दोघे इंग्रजीत आहेत, पण आपल्या सभासदांना इंग्रजी येत नाही असे आपण गृहीत का धरतो? गोव्याच्या राष्ट्रवादी चळवळीचे आद्य नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचे लेखन. आणि जमले तर त्या काळात गुप्त नभोवाणीवरून बोलणाऱ्या लिबिया लोबो सरदेसाई यांच्याविषयी जे मिळेल ते. एवढ्यानेही एक फळी भरत नाही. आठ-दहा पुस्तके. एका स्पर्धा परीक्षा संचाच्या किमतीत बरेचसे येईल.

मिळत नसतील तर? हा प्रश्न बैठकीत येणारच, म्हणून आधीच अभ्यास करून ठेवला आहे. प्रताधिकार कायदा १९५७, कलम ५२. भारतात विक्रीला उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या तीन प्रतींपर्यंत नकला ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी करून घेता येतात. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर, जे पुस्तक ग्रंथालयाकडे आधीपासून आहे त्याची जतनासाठी डिजिटल प्रतही ठेवता येते. हे कुणाची चोरी नाही, कायद्याने दिलेली सवलत आहे. मात्र पुस्तक स्कॅन करून व्हॉट्सअॅपवर सोडायचे नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतात, म्हणजे रानड्यांच्या पुस्तकांवर २०७९ च्या अखेरपर्यंत. पुनर्मुद्रण हवे असेल तर वारसांना आणि प्रकाशकांना पत्र लिहावे लागेल. एका ग्रंथालयाने लिहिले तर कदाचित उत्तर येणार नाही. पन्नास ग्रंथालयांनी आगाऊ मागणी नोंदवून लिहिले तर कुठलाही प्रकाशक हिशेब मांडून बघेल. महाराष्ट्रात शासनमान्य ग्रंथालये काही हजारांत आहेत. पन्नास जमवणे अवघड नसावे.

आमच्या पुरात डिजिटल प्रत असती तर काय झाले असते, याचा विचार मी रोज करत नाही, पण पाऊस जोराचा लागला की करते.

गोव्यातल्या मंडळांना वेगळी एक विनंती. तुमच्याकडे पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचे आहे, देशातल्या जुन्यांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी. आग्वादच्या तुरुंगाचे संग्रहालय १९ डिसेंबर २०२१ ला खुले झाले. मी पाहून आले. पोरे-टोरे कोठड्यांसमोर फोटो काढत होती. काढू देत, निदान आली तरी. पण बाहेर पडताना, या कोठड्यांत बसलेल्यांनी स्वतः काय लिहिले ते वाचायचे असेल तर कुठे जायचे, हे सांगणारा एक फलक असावा, आणि त्यावर तालुक्याच्या ग्रंथालयांची नावे असावीत. मराठी पुस्तके, कोंकणी, पोर्तुगीज, इंग्रजी, सगळी एकत्र. रानड्यांचे पुस्तक मराठीत आहे म्हणून ते एका गटाचे, तेलूंचे पोर्तुगीजमध्ये म्हणून दुसऱ्याचे, असे कृपया करू नका. काशियशमध्ये भाषेनुसार कोठड्या वाटल्या नव्हत्या.

आणि कृष्णाकाठच्या मंडळांना. आपल्याकडे पूर परत येणार आहे. २००५ ला आला, २०१९ ला आला, २०२१ ला पुन्हा घाबरवून गेला. दाखल नोंदवह्या आणि दुर्मीळ पुस्तके तळमजल्यावर ठेवू नका. हे कुणी शहाण्याने सांगायला नको, पण आमच्याकडे होतीच ना खालच्या कप्प्यात.

वर्गीकरणाबाबत एवढेच की नाव वाचून क्रमांक देऊ नका, निदान मलपृष्ठ वाचा. आपल्याकडे आणखी किती क्रांतिकारक चुकीच्या कपाटात बसले आहेत, त्याची एक दुपार काढून तपासणी करा. ग्रंथपालांना यासाठी जादा मानधन द्यावे. त्यांचे मानधन किती असते ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि ते माहीत असूनही आपण गप्प बसतो, हा आणखी एका पत्राचा विषय.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ‘ऐन वेळचे विषय’ म्हणून नको. क्रमांक घालून घ्या. माझ्या ग्रंथालयात मी आता समितीवर नाही, साधी सभासद आहे. मागणीची वही खिडकीजवळ दोरीला बांधलेली असते. गेल्या सोमवारी मी तिच्यात लिहून आले : सतीचे वाण, मोहन रानडे, वर्ग चरित्र. खाली तीन जणांच्या सह्या घेतल्या. चौथी त्या मुलाची आहे. तो आता कॉलेजला आहे आणि संध्याकाळी अभ्यासिकेत बसतो.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सांगलीतील एक वाचक
(माजी सदस्य, ग्रंथनिवड समिती)